शेल्टरमधल्या कुत्र्याला कायमचे घर मिळवून देताना: नव्या स्वयंसेवकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मी दत्तक दिलेली पहिली कुत्री नवव्या दिवशी परत आली. तिला नेणारे कुटुंब चांगले होते, घर प्रशस्त होते आणि घरातल्या सर्वांना कुत्र्यांची आवड होती. चूक माझ्या लिखाणात होती. एकटी राहिली की ती दार ओरबाडते, पंजे रक्ताळेपर्यंत ओरबाडते, हे तिला तात्पुरते सांभाळताना तीन आठवड्यांत मला पुरते कळले होते. तरीही ‘हे सांगितले तर हिला कोणी नेणार नाही’ या भीतीने मी ते जाहिरातीत लिहिले नाही आणि त्या कुटुंबालाही सांगितले नाही. त्या घरातली दोन्ही माणसे सकाळी कामावर जात आणि संध्याकाळी परतत. कुत्री परत आली तेव्हा आधीपेक्षा कितीतरी जास्त घाबरलेली होती, आणि ज्यांनी तिला मनापासून नेले होते त्यांचाही शेल्टरमधल्या कुत्र्यांवरचा विश्वास उडाला.

त्यानंतर मी कामाची जी पद्धत बसवली, ती या लेखात क्रमाने मांडली आहे. ज्यांनी एखाद्या शेल्टरमध्ये नुकतेच नाव नोंदवले आहे किंवा दत्तक जाईपर्यंत तात्पुरते सांभाळण्यासाठी पहिला कुत्रा घरी आणण्याचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. प्राण्यांच्या नोंदणीचे आणि परवान्यांचे नियम ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे त्यांची चौकशी तुमच्या शेल्टरकडे आणि स्थानिक प्रशासनाकडे आधी करून घ्या.

१. आपली मर्यादा आधी ठरवा

शेल्टरमध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाला प्रत्येक पिंजऱ्यासमोर ‘यालाही घेऊन जावे’ असे वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण निर्णय तिथे उभ्या उभ्या घेऊ नका. घरी येऊन चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा: एका वेळी किती कुत्रे सांभाळता येतील, रोज किती तास देता येतील, आजारपणाचा खर्च कोण करील, आणि तीन महिन्यांत कोणीच नेला नाही तर कुत्रा कुठे राहील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर ते सापडेपर्यंत कुत्रा आणू नका. नवख्या माणसाने एका वेळी एकच कुत्रा सांभाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरात दहा-बारा कुत्रे साठतात आणि एकाकडेही धड लक्ष पुरत नाही, त्या घराची सुरुवातही दयेपोटीच झालेली असते.

घरी कुत्रा ठेवणे शक्य नसेल तरी काम भरपूर असते. कुत्र्यांना फिरवून आणणे, फोटो काढणे, अर्जदारांशी फोनवर बोलणे, डॉक्टरांकडे नेण्या-आणण्यासाठी गाडी देणे, दत्तक दिलेल्या कुत्र्यांची विचारपूस करणे या सर्वांसाठी शेल्टरला माणसे हवीच असतात.

काम सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या धनुर्वाताच्या आणि रेबीज प्रतिबंधक लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो बहुतेक नेहमीच जीवघेणा ठरतो, म्हणून ‘पिल्लूच आहे, नुसते ओरखडले आहे’ असे म्हणून हा भाग कधीही टाळू नका.

२. शेल्टरशी ठरलेले सर्व लेखी घ्या

तोंडी बोलण्यातून होणारे गैरसमज या कामात फार महाग पडतात. कुत्रा तुमच्या घरी असतानाही कायद्याने तो शेल्टरचा आहे की तुमचा, शस्त्रक्रियेची संमती कोण देणार, रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, दत्तक कुटुंबाची निवड तुम्ही करणार की शेल्टरची समिती, आणि तुम्हाला सांभाळणे अशक्य झाले तर शेल्टर कुत्रा किती दिवसांत परत घेणार, हे पाच मुद्दे कागदावर असलेच पाहिजेत. एकदा मी सांभाळत असलेल्या कुत्र्याचे पाय अचानक लटपटू लागले आणि उपचारांची संमती कोणी द्यायची हे ठरवण्यात सबंध संध्याकाळ गेली. कुत्रा वाचला, पण ती संध्याकाळ एका स्वाक्षरीने टळली असती.

३. कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर पाहा

पिंजऱ्यातला कुत्रा आणि बाहेरचा कुत्रा हे अनेकदा दोन वेगळे प्राणी वाटतात. जाळीवर उड्या मारून भुंकणारा कुत्रा मोकळ्या जागेत पाच मिनिटांत शांत होऊन पायाशी बसतो. उलट कोपऱ्यात गप्प पडलेला कुत्रा ‘शांत स्वभावाचा’ म्हणून निवडला जातो आणि प्रत्यक्षात तो भीतीने गोठलेला असतो. म्हणून एकाच भेटीवर मत बनवू नका. वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जा, कुत्र्याला गोंगाटापासून दूर न्या आणि वीस-पंचवीस मिनिटे काही न करता त्याच्याजवळ बसा. खाऊ हातातून भरवण्यापेक्षा थोड्या अंतरावर टाका, म्हणजे जवळ यायचे की नाही हे त्याला ठरवता येते.

पोट भरलेले आणि झोप झालेली असूनही वारंवार जांभया देणे, ओठ चाटत राहणे, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरके पाहणे, शेपटी पोटाखाली घेणे, खाता खाता अंग ताठ करून थबकणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. गुरगुरणे ही त्यापुढची सूचना आहे. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला रागावू नका. ज्याला गुरगुरल्याबद्दल शिक्षा होते तो पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो.

रोज सकाळी पिंजरे धुणाऱ्या कर्मचाऱ्यांना मात्र आवर्जून भेटा. कोणता कुत्रा झाडूला घाबरतो, कोणता शेजारच्या पिंजऱ्यातल्या नराला पाहून अंगावर धावतो, कोणाला अन्न गिळायला त्रास होतो, हे फाइलमध्ये नसते. ते त्यांना तोंडपाठ असते.

वयाच्या बाबतीत सावध राहा. दुधाचे दात पडून पक्के दात येण्याची क्रिया साधारण सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण होते, त्यामुळे पिल्लांचे वय दातांवरून बऱ्यापैकी सांगता येते. त्यानंतर दातांची झीज आणि किटण यांवरून बांधलेला अंदाज हा अंदाजच राहतो, आणि जाहिरातीतही तो ‘अंदाजे’ असाच लिहावा.

४. हाताशी असावे असे साहित्य आणि कागदपत्रे

साहित्य:
• छातीवरून जाणारा, निसटता येणार नाही असा हार्नेस, गळ्यातला पट्टा आणि दोन दोऱ्या
• तुमचा फोन क्रमांक लिहिलेला बिल्ला, जो कुत्रा शेल्टरमधून बाहेर पडण्याआधीच त्याच्या गळ्यात असेल
• आत उभे राहून वळता येईल एवढा क्रेट (उचलून नेता येणारा पिंजरा) आणि दारात लावायचे ठेंगणे फाटक
• जाळीचे मुसके, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते
• थर्मामीटर, हातमोजे, वजनकाटा, जुन्या चादरी, ब्लीच

कागदपत्रे:
• शेल्टरचे ताबापत्र आणि वर सांगितलेला लेखी करार
• लसीकरणाची पुस्तिका, जंतनाशकाच्या तारखा, नसबंदीचे प्रमाणपत्र
• मायक्रोचिपचा क्रमांक आणि तो कोणाच्या नावे नोंदला आहे त्याची प्रत
• आतापर्यंतच्या तपासण्यांचे अहवाल आणि सुरू असलेल्या औषधांची यादी
• एक कोरी वही, जिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे

मायक्रोचिपविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि त्वचेखाली बसवतात, पण ती कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही. स्कॅनर जवळ धरल्यावर फक्त एक क्रमांक दाखवते, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो १५ अंकी असतो. तो क्रमांक ज्या नोंदणीत आहे तिथे जुन्याच मालकाचा बंद पडलेला फोन असेल, तर चिप असून नसल्यासारखीच. म्हणून चिप आहे का, एवढेच विचारून थांबू नका. ती स्कॅन करून घ्या आणि नोंद तपासा.

५. बाहेर काढण्याचा दिवस

कुत्रा निसटून जाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या काही दिवसांत, आणि त्यातही गाडीचे दार उघडण्याच्या क्षणी. त्याला तुमचे नाव, तुमचा वास, तुमची गल्ली यांपैकी काहीच ओळखीचे नसते, त्यामुळे निसटलेला कुत्रा हाकेला ओ देत नाही. तो फक्त पळतो. एक दोरी हार्नेसला आणि दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला लावा आणि दोन्ही हातात घट्ट धरल्याशिवाय कोणतेही दार उघडू नका. प्रवास क्रेटमध्ये करा, आधी दोन-तीन तास पोटभर जेवण देऊ नका, आणि वाटेत कोणाला दाखवायला थांबू नका. बंद गाडी उन्हात काही मिनिटांतच जीवघेणी तापते, म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवून कोणत्याही कामासाठी उतरू नका.

घरी आल्यावर स्वागताला माणसे जमवू नका. आधी लघवीसाठी ठरवलेल्या जागी न्या, मग थेट त्याच्या खोलीत. अंघोळ, नवे कपडे, शेजाऱ्यांशी ओळख हे सर्व पुढच्या आठवड्यावर टाका.

६. पहिले १४ दिवस: विलगीकरण आणि तपासणी

नवा कुत्रा वरवर धडधाकट दिसला तरी त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून किमान १४ दिवस वेगळे ठेवा. पार्वो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराची लक्षणे संसर्गानंतर साधारण ३ ते ७ दिवसांत आणि क्वचित १४ दिवसांपर्यंत दिसतात; डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला काही वेळा याहूनही अधिक काळ लागतो. भांडी, चादरी, दोऱ्या वेगळ्या ठेवा आणि त्याच्या खोलीतून बाहेर पडताना हात धुऊन चप्पल बदला.

पार्वोच्या विषाणूविषयी जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पिल्ले मरतात ती बऱ्याचदा याच्या अज्ञानातून. हा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्याला अनेक महिने तग धरतो. हातांना लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आधी विष्ठा आणि उलटी पूर्ण पुसून, साबणाने धुऊन, मग घरगुती ब्लीचचा एक भाग ३२ भाग पाण्यात मिसळून ते पाणी जागेवर १० मिनिटे ओले राहू द्यावे लागते. घाणीवरच ब्लीच ओतल्यास त्याची ताकद घाणीतच संपते. ब्लीच इतर कोणत्याही सफाईच्या द्रव्यात मिसळू नका. विषारी वायू तयार होऊ शकतो. आधी आजारी पिल्लू राहून गेलेल्या जागेत लसीकरण पूर्ण न झालेले नवे पिल्लू आणायचे असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगून, विचारूनच आणा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. विष्ठेची तपासणी, गोचीड आणि पिसवांवर उपाय, गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्ततपासणी, कान, दात, त्वचा आणि हृदय हे सर्व एकाच भेटीत पाहून घेता येते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याच्यासाठी साधारण असते. पूर्वीच्या लशींची नोंद नसेल तर त्या झालेल्याच नाहीत असे धरून चाला. पिल्लांना मुख्य लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान १६ आठवडे वय होईपर्यंत द्याव्या लागतात. मधला एखादा डोस राहिला की ‘झाल्या की दोन’ म्हणून चालत नाही.

खूप काळ उपाशी राहिलेल्या, हाडे दिसणाऱ्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातल्या क्षारांचे प्रमाण ढासळून जीवावर बेतू शकते. डॉक्टरांनी ठरवून दिलेले थोडे थोडे अन्न दिवसातून अनेकदा द्या.

नसबंदी झाल्याशिवाय कुत्रा दत्तक देऊ नये, हा नियम शक्यतो मोडू नका. वय किंवा तब्येत यांमुळे ती तेव्हा करता येत नसेल, तर ती कोण, कधी आणि कुठे करणार हे करारनाम्यात तारखेसह लिहा. नराच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे प्रजननक्षमता टिकू शकते, हे बहुतेकांना माहीत नसते. तेवढा काळ त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवावे लागते.

७. स्वभावाची वही

सगळ्या कामात ही वही मला सर्वांत मोलाची वाटते. रोज रात्री पाच-सहा ओळी लिहा, आणि त्यात मत लिहू नका, घडलेले लिहा. ‘रागीट आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘जेवताना मी भांडे उचलायला दोन हातांच्या अंतरावर गेल्यावर अंग ताठ केले, तिसऱ्या पावलाला गुरगुरली, मी मागे झाल्यावर पुन्हा खाऊ लागली’ असे लिहा. पहिल्या वाक्यातून पुढच्या कुटुंबाला फक्त भीती मिळते. दुसऱ्यातून त्यांना नेमके काय टाळायचे आणि डॉक्टरांशी किंवा प्रशिक्षकाशी काय बोलायचे ते कळते.

नोंदींसाठी मी हे विषय ठरवले आहेत: एकटे राहणे, जेवण आणि खेळणी यांवरचा हक्क, अनोळखी पुरुष, स्त्रिया आणि मुले, इतर कुत्रे, मांजरी, गाडीचा प्रवास, मोठे आवाज, अंगाला हात लावणे, रात्रीची झोप, आणि घरात लघवी होते का, झाली तर किती वाजता. एकटे राहण्याची परीक्षा टप्प्याटप्प्याने घ्या. आधी दोन मिनिटे, मग दहा, मग अर्धा तास, आणि फोन खोलीत ठेवून चित्रण करा. तुम्ही बाहेर पडल्यावर कुत्रा झोपतो की दाराशी धापा टाकत फिरतो, हे चित्रणाशिवाय कळत नाही. मुलांशी तो कसा वागतो हे तुम्ही पाहिलेले नसेल, तर ‘मुलांसोबत चांगला’ असे न लिहिता ‘मुलांसोबत पाहिलेला नाही’ असेच लिहा. हे तीन शब्द लिहायला जड जातात, पण त्यांनी अपघात टळतात.

स्वयंसेवकांमध्ये ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ढोबळ आडाखा आहे: पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचा क्रम ओळखू लागतो, आणि तीन महिन्यांनी त्याला ते घर आपले वाटू लागते. प्रत्येक कुत्रा त्यात बसत नाही, पण एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे की पहिल्या आठवड्यातला स्वभाव हा खरा स्वभाव नसतो. शेल्टरमध्ये भांड्यावर गुरगुरणारा कुत्रा घरी निवांत खातो, आणि पहिले दहा दिवस अगदी गुणी वाटलेला कुत्रा धीटपणा आल्यावर दारावरच्या पाहुण्यांवर धावतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी होईपर्यंत जाहिरात देण्याची घाई करू नका. पिल्लांचा अपवाद आहे: साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यांना माणसे, आवाज, जागा यांची सवय होण्याचा असतो, तो पिंजऱ्यात वाया जाऊ नये. मात्र आठ आठवड्यांच्या आधी पिल्लाला आईपासून तोडू नका.

८. फोटो आणि मजकूर

फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा, म्हणजे गुडघ्यांवर बसून किंवा जमिनीवर आडवे होऊन. वरून काढलेल्या फोटोत कुत्रा दीन दिसतो आणि त्याचा आकारही कळत नाही. काळ्या कुत्र्याचे फोटो सावलीत, बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात काढा, नाहीतर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग येतो आणि लोक पुढे निघून जातात. चांगले काळे कुत्रे केवळ वाईट फोटोंमुळे मागे पडलेले मी पाहिले आहेत. एक फोटो चेहऱ्याचा, एक पूर्ण उभ्या शरीराचा, एक माणसाशेजारचा आणि चालण्या-खेळण्याची छोटी चित्रफीत पुरेशी होते.

मजकुरात दयेची भीक मागू नका. ‘आज कोणी नेले नाही तर याचे काय होईल’ अशा वाक्यांनी फोन खूप येतात, पण ते फोन करणारे लोक त्या दिवशी कळवळलेले असतात आणि कळवळा ओसरला की कुत्रा परत येतो. त्यापेक्षा त्या कुत्र्याचा दिवस कसा जातो ते लिहा: किती वाजता उठतो, किती फिरल्यावर समाधानी होतो, कशाने खूश होतो. आणि अवघड बाजू जाहिरातीतच लिहा. लेखाच्या सुरुवातीला जिचा उल्लेख केला त्या कुत्रीसाठी दुसऱ्यांदा मी पहिल्याच ओळीत लिहिले की ती एकटी राहू शकत नाही आणि तिला दिवसभर घरी असणारे माणूस हवे आहे. पहिल्या वेळी मला तेवीस फोन आले होते. या वेळी दोनच आले, आणि त्यांतला एक निवृत्त गृहस्थांचा होता ज्यांना नेमकी अशीच सोबत हवी होती. ती त्यांच्याकडेच राहिली.

९. अर्जदारांशी बोलणे

उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. ‘तुम्ही त्याला रोज फिरवाल ना?’ या प्रश्नाला कोणीही ‘हो’च म्हणेल. ‘तुमचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला, आणि त्यात कुत्रा कुठे बसतो?’ असे विचारा. आधीचे प्राणी कुठे आहेत, कुत्रा रात्री कुठे झोपेल, तुम्ही बाहेरगावी गेल्यावर त्याला कोण पाहील, घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी परवानगी आहे का, घरातल्या कोणाचा विरोध किंवा कोणाला ॲलर्जी आहे का, आणि कोणत्या कारणासाठी तुम्ही कुत्रा परत कराल, हे प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. शेवटच्या प्रश्नाचे ‘कोणत्याच नाही’ हे उत्तर ऐकायला गोड असते. ‘मुलाला चावला तर मी आधी तुम्हाला फोन करीन’ असे म्हणणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो.

पुढील प्रकारांत थांबून विचार करा:
• कुत्रा दुसऱ्या कोणाला भेट म्हणून द्यायचा आहे आणि त्या व्यक्तीला विचारलेलेच नाही
• फक्त राखणीसाठी, बाहेर बांधून ठेवण्यासाठी हवा आहे
• नसबंदीला विरोध आहे किंवा पिल्ले घेण्याची इच्छा बोलण्यातून डोकावते
• घरभेटीला नकार आहे, किंवा ‘आजच द्या’ अशी घाई आहे
• न पाहताच कुत्रा दूरवर पाठवण्याची मागणी आहे आणि मध्येच कोणी वाहतुकीचे पैसे आगाऊ मागत आहे

नकार द्यायला शिकणे हा या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. नकार माणसाला नको, त्या कुत्र्याशी न जुळणाऱ्या जोडीला द्या: ‘हा कुत्रा दिवसाला दोन तास पळणारा आहे, तुमच्या दिनक्रमाला वयस्क, शांत कुत्रा शोभेल, तसा आला की कळवू का?’ अनेक चांगली कुटुंबे अशाच दुसऱ्या फोनने मिळतात. त्याचबरोबर, अर्जदाराकडे बाग नाही, तो एकटा राहतो, त्याचे वय जास्त आहे अशा एकाच कारणाने अर्ज फेटाळू नका. वेळ आणि तयारी ज्याच्याकडे आहे त्याचे घर लहान असले तरी चालते.

१०. भेट, घरभेट आणि करारनामा

पहिली भेट घरातल्या सर्वांसोबत झाली पाहिजे. अर्जदारांकडे आधीचा कुत्रा असेल तर दोघांना समोरासमोर सोडू नका. मोकळ्या, त्रयस्थ जागी दोन माणसांनी दोघांना अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे आणि दोन्हींची अंगे सैल राहिली तरच हळूहळू अंतर कमी करावे. दोऱ्या ताणून धरल्या की तणाव कुत्र्यांपर्यंत पोहोचतो.

घरभेटीत स्वच्छता किंवा सजावट पाहायची नसते. कुंपणाखालच्या फटी, गच्चीचे आणि बाल्कनीचे कठडे, मुख्य दार उघडल्यावर थेट रस्ता लागतो का, औषधे आणि उंदरांचे विष कुठे ठेवले आहे, हे पाहा. चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका, कांदा-लसूण आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात, हे त्याच वेळी लिहून द्या.

करारनामा सोप्या भाषेत, एक-दोन पानांचा असावा. कुत्र्याचे वर्णन आणि चिपचा क्रमांक, आतापर्यंतचे उपचार, माहीत असलेल्या सर्व अडचणी, पुढच्या लशींची जबाबदारी, आणि काही कारणाने ठेवणे अशक्य झाले तर कुत्रा इतर कोणालाही न देता शेल्टरकडेच परत येईल ही अट, एवढे त्यात हवे. अडचणींच्या यादीखाली दोन्ही बाजूंच्या वेगळ्या सह्या घ्या. ती यादी वाचली गेली आहे याची ती खूण असते.

११. सोपवण्याचा दिवस आणि पहिले ७२ तास

सुट्टीच्या किंवा सणाच्या गडबडीत कुत्रा सोपवू नका. घरात निदान दोन-तीन दिवस शांतता असेल अशी वेळ निवडा. त्याच्या वासाची चादर, सध्या खात असलेले अन्न एक आठवडा पुरेल इतके, औषधे आणि वहीची प्रत सोबत द्या. अन्न एकदम बदलले की पोट बिघडते, आणि जुलाब होणारा नवा कुत्रा पाहून कुटुंबाचा धीर पहिल्याच रात्री सुटतो.

कुटुंबाला तीन गोष्टी मी लिहूनच देते. पहिले काही आठवडे कुंपणाच्या आतही दोरी सोडू नका. पहिले तीन दिवस कुत्रा जेवला नाही, लपून बसला, तर त्याला ओढून काढू नका. मात्र पाणी पीत नसेल, वारंवार उलट्या किंवा रक्ताचे जुलाब होत असतील, तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि लहान मुलांना मोठ्या माणसाच्या नजरेबाहेर कुत्र्यासोबत क्षणभरही ठेवू नका, कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी.

निघण्यापूर्वी चिपची नोंद नव्या कुटुंबाच्या नावे बदलून घ्या. ‘नंतर करू’ म्हटलेली ही नोंद नंतर होत नाही.

१२. विचारपूस, आणि कुत्रा परत आला तर

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, एका आठवड्याने, तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन करा. ‘सगळे ठीक ना?’ असे विचारले की ‘हो’ असेच उत्तर येते. ‘या आठवड्यात सर्वांत अवघड काय गेले?’ असे विचारा, म्हणजे अडचण मोठी होण्याआधी कळते. बहुतेक परतावे अशा गोष्टींमुळे होतात ज्या दुसऱ्या आठवड्यात सोडवता आल्या असत्या: रात्रीचे रडणे, फरशीवरची लघवी, मांजराचा पाठलाग.

तरीही कुत्रा परत आला, तर त्या कुटुंबाला दोष देऊ नका आणि लाजवू नका. लाजवलेले लोक पुढच्या वेळी फोन करत नाहीत. कुत्रा कुठेतरी सोडून देतात. त्यांच्याजवळ तासभर बसून काय झाले ते ऐका, वहीत लिहा, डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्या, कारण अचानक बदललेल्या वागण्यामागे बऱ्याचदा दुखणे असते, आणि पुढची जाहिरात या नव्या माहितीनुसार बदला. त्याच्या खोलीत त्याला पुन्हा काही आठवडे द्या.

वह्या मात्र कधीही टाकून देऊ नका. त्या निवृत्त गृहस्थांचा सहा वर्षांनी मला फोन आला. कुत्रीच्या दातांची शस्त्रक्रिया करायची होती आणि डॉक्टरांना विचारायचे होते की तिला पूर्वी कधी भूल दिली होती का. नसबंदीच्या दिवशीच्या पानावर मी लिहून ठेवले होते: ‘भुलीतून जागी व्हायला फार वेळ लागला, अंग गार पडले होते, दोन तास उबेत ठेवावे लागले.’ त्या पानाचा फोटो मी लगेच डॉक्टरांना पाठवला, आणि त्यांनी भुलीची आणि नंतरच्या देखरेखीची तयारी त्यानुसार केली.